थोबाडीतला न्याय

दयाने लाथ घालून दरवाजा तोडला की आख्खी चाळ टाळ्या पिटते. दोस्तहो, या टाळ्यांबद्दल मला बोलायचंय.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, ही पोलिसांची पटकथा. सहा महिन्यांनी, जानेवारी १९९८ ला, त्याच मुंबईतली 'सीआयडी' मालिका सोनीवर सुरू झाली. तिथला पोलीस तासाभरात खुनी हुडकतो. रमाबाईत गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या फौजदाराला जन्मठेप सुनवायला २००९ उजाडलं.

प्रद्युम्न, अभिजीत, दया. आडनावं? नाहीत. जात नसलेलं पोलीस ठाणं! असं कुठं असेल तर पत्ता द्या, मी बिऱ्हाड घेऊन तिथं ऱ्हायला येतो. खऱ्या ठाण्यात ॲट्रॉसिटीचं कलम लावून घ्यायला आपल्याला मोर्चा न्यावा लागतो. मालिकेत तक्रार लिहून घ्यायची भानगडच नाही. मुडदा सापडतो, साहेब गाडीतून उतरतात.

आणि ती थोबाडीत! संशयित खोटं बोलतो, कानाखाली बसते, खरं भडाभडा बाहेर. म्हणजे मारहाण हेच सत्यशोधन! (जोतिबांचा शब्द कुठं नेऊन घातला बघा.) पोलिसापुढचा कबुलीजबाब गुन्ह्याचा पुरावा धरायचा नाही, हे गोऱ्या सायबाने १८७२ च्या कायद्यात लिहिलं. २०२३ च्या नव्या कायद्यातही ते आहे. ठाण्यात कबुली कशी पिकते हे गोऱ्यालाही ठाऊक होतं. आमचे मालिकावाले त्याच्याही मागं.

डिसेंबर २०२४. परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक पेटले, धरपकड झाली. कायदा शिकणारा आपला एक भाऊ कोठडीत मेला. शवविच्छेदनात अंगावर जखमाच जखमा. त्याच महिन्यात 'सीआयडी' परत आली.

गोदीत पाळी सुटताना एक जण मला म्हणाला, "कायतरी केलं असंल त्यानं. उगाच मारतील का?" आपल्याच वस्तीतला. हाताला माझ्यासारखेच घट्टे. हे वाक्य त्याचं नव्हे, वीस वर्षं टीव्हीने त्याच्या तोंडात कोंबलेलं आहे.

कुणी म्हणेल, २०२३ ला 'दहाड'मध्ये दलित फौजदारीण आली की. आली, बरं झालं. पण ती वर्गणी भरणाऱ्यांच्या पडद्यावर. आमच्या खोलीत जुना दयाच लागतो.

प्रत्येक ठाण्यात, कोठडीत कॅमेरे लावा, आवाजासकट, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं. ते चित्रण काढा बाहेर. रात्री नऊला लावा, मध्ये हव्या तेवढ्या जाहिराती घाला. आम्ही बघतो.