तात्पर्याचा जुलूम

आपल्या शाळांना एक जुना रोग आहे. त्याचे नाव तात्पर्य. ससा-कासवाच्या गोष्टीपासून तो जडतो आणि दहावीपर्यंत पोराचा पिच्छा सोडीत नाही. गोष्ट संपली की तिच्या शेपटीला तात्पर्याचा डबा बांधलाच पाहिजे, अशी आम्हा मास्तरांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. आजवर हा रोग पुस्तकापुरता होता. आता वर्गात मोठा टेलिव्हिजन आला, आणि रोगाने तिकडेही हातपाय पसरले. जालना जिल्ह्यात बरीच वर्षे मराठी शिकवणारा मास्तर या नात्याने, ऐन फराळाच्या दिवसांत हा कडू काढा मी वाचकांपुढे ठेवीत आहे. गोड मानून घ्यावा.

वर्गात चित्रपट दाखवू नयेत, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. उलट, भरपूर दाखवावेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही शाळेच्या कामकाजात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरता चित्रपट दाखवायला सवलत ठेवली आहे, तेव्हा कायद्याचा बागुलबुवा कोणी उभा करू नये. ‘जालना सोने का पालना’ म्हणतात खरे. पण त्या पाळण्याची दोरी मंठा-परतूरच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोचत नाही. तिथल्या मुलाच्या हातात मोबाइल आहे आणि अर्ध्या-अर्ध्या मिनिटाची माकडचेष्टा त्याला हवी तेवढी मिळते. पण खिडक्यांना सतरंज्या लावून केलेल्या अंधारात, मांडीला मांडी लावून, एक अख्खी कथा आरंभापासून अखेरपर्यंत पाहणे, हे सुख त्याला शाळेने दिले नाही तर दुसरे कोण देणार?

माझे भांडण आहे ते दिवे लागल्यानंतर जे घडते त्याच्याशी.

एका शाळेत, नाव कशाला सांगू, ‘श्यामची आई’ दाखवला. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. अडीच तास मुले जागची हलली नाहीत. मग फळ्यावर प्रश्न आला : ‘या चित्रपटातून तुम्हांस कोणता बोध मिळाला? दहा ओळी लिहा.’ चाळीस मुलांनी चाळीस वेळा लिहिले की आईचे प्रेम थोर असते आणि आपण आईची आज्ञा पाळावी. एकाच मुलाने वेगळे लिहिले. श्यामच्या घरावर कर्ज कशापायी झाले, व्याज काय दराने होते, आणि वसुलीचा माणूस दारात आला तेव्हा शेजारीपाजारी कुठे गेले होते, असे त्याने विचारले होते. गुरुजींनी तांबड्या शाईने शेरा मारला : ‘विषयांतर’.

विषयांतर! वाचकहो, साने गुरुजींच्या त्या कथेत कर्ज आहे आणि कर्जापायी गेलेली अब्रू आहे. त्या माउलीचा जीव ज्या दुःखाने पोखरला, त्याच्याच मुळाशी त्या पोराने हात घातला होता. आमच्या घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या तालुक्यांतून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला बिऱ्हाडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. वर्गातल्या काही जागा रिकाम्या होतात त्या उन्हाळ्यापर्यंत. अशा घरातल्या मुलाला पडद्यावर आईच्या आधी कर्ज दिसले, तर त्याने चित्रपट चुकीचा पाहिला की आपल्या सर्वांपेक्षा खोल पाहिला? त्याच्या डोळ्यांना जे दिसले ते खोडून आपण त्याला ‘मातृप्रेम’ हा शब्द घोकायला लावला. ज्या साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठोबाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून १९४७ साली उपोषण केले, त्यांच्या कथेवर विचारलेला प्रश्न आमच्या वर्गात अस्पृश्य ठरावा, याला काय म्हणावे?

दुसरा चित्रपट घ्या. प्रभातचा ‘संत तुकाराम’, १९३६ चा. पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यात जिजाई चप्पल घेऊन थेट देवळात शिरते. गौरीबाईंनी ती अशी उभी केली आहे की आजही पोरे टाळ्या पिटून हसतात. वर्गात हसू फुटले की मास्तर दरडावतात, “शांत बसा, संतांचा चित्रपट आहे!” मी एकदा दरडावायच्या ऐवजी, का हसलात म्हणून विचारले. एक मुलगी उठली आणि म्हणाली, “तिचं काय चुकलं सर? लेकरू बिमार होतं.” त्यावरून वर्गात जे भांडण जुंपले ते घंटा झाली तरी मिटेना. घर आधी की देव आधी? तुकोबा मोठे की जिजाई खरी? दामले-फत्तेलालांनी जिजाईला एवढी जागा दिली ती याच भांडणासाठी. तात्पर्याच्या दहा ओळींत ती बिचारी ‘कजाग बायको’ होऊन उरते.

टेलिव्हिजनची कथा निराळी नाही. मुलांसाठी कार्यक्रम करणारी बालचित्रवाणी ही संस्था पुण्यात १९८४ साली निघाली आणि २०१७ साली बंद पडली. करोनाच्या काळात, २०२० साली, सह्याद्री वाहिनीने ‘टिलीमिली’ घराघरांत नेली. हे उद्योग चांगलेच होते. पण पेटी बोलते आणि मूल ऐकते. ऐकून त्याला काय वाटले हे विचारायला समोर माणूसच लागतो. श्याम बेनेगलांची १९८८ ची ‘भारत एक खोज’ मालिका आहे, त्रेपन्न भागांची. तिच्यात नसीरुद्दीन शाह शिवाजी महाराज झाले आहेत आणि ओम पुरी औरंगजेब. हे पाहून एखाद्या मुलाने विचारले, की ते असेच बोलत होते हे कोणी ऐकले होते, तर त्याला उद्धट ठरवू नका. इतिहास नावाचे शास्त्र नेमक्या याच प्रश्नातून जन्माला आले आहे.

यावर आमचे शिक्षकबंधू म्हणतील, “अभ्यासक्रम पुरा कधी करायचा? आणि गुण कशाला द्यायचे?” अहो, गुण देऊच नका! वर्षातून चार चित्रपट दाखवा आणि त्यांची परीक्षा घेऊ नका. फ्रान्समध्ये १९९४ पासून प्राथमिक शाळांतली मुले शाळेच्या वेळात चित्रपटगृहात नेतात आणि परत आल्यावर वर्गात त्यावर बोलतात. त्यापायी तिथल्या मुलांचे गणित बुडाल्याचे ऐकिवात नाही. कोणी म्हणतील, मुले भलतेच बोलतील. बोलू द्या. भलते बोलणारे मूल निदान स्वतःचे बोलते. चाळीस वह्यांत एकच उत्तर सापडले, तर परीक्षेच्या दालनात आपण त्याला कॉपी म्हणतो आणि मुलाला बाहेर काढतो. इथे मात्र त्याच कॉपीला दहापैकी नऊ गुण! अशी सवय लागलेली मुले उद्या मत द्यायला जातील, कर्जाच्या कागदावर सही करतील, मुकादमाशी हिशेब करतील. तिथेही ती दुसऱ्याला आवडेल तेच उत्तर देणार, हे ध्यानात ठेवा.

आणि वाचकहो, हा दोष एकट्या शाळेचा म्हणून आपण सुटू नये. या सुट्टीत घरोघर टेलिव्हिजन लागेल, चकल्यांचे ताट मध्ये ठेवून सारे कुटुंब एखादा जुना चित्रपट पाहील. तो संपल्यावर आजोबांनी ‘यावरून काय शिकलास?’ हा प्रश्न कृपा करून गिळावा. ‘कोणाचे वागणे तुला पटले नाही?’ एवढेच विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावे. ते आपल्या पसंतीचे असेलच असे नाही. पण ते त्या मुलाचे असेल.