उतारवयातील षड्ज

गादीवरून केव्हा उठावे, हा प्रश्न प्रत्येक पेढीवर एकदा तरी उभा राहतो. मोठ्याने तो कोणी विचारीत नाही. मुलगा संकोचाने गप्प असतो आणि वडील अभिमानाने. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरील एका कापड व्यापाऱ्यासमोर तो २००७ च्या हिवाळ्यात उभा होता. वय सत्तरीच्या घरात. रोजमेळ अजून त्यांच्याच हातचा. परंतु त्यांनी केलेली बेरीज थोरला मुलगा रात्री गुपचूप पुन्हा तपासतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्यात दोनदा चूक निघाली, हेही.

पंडित भीमसेन जोशी हे या गृहस्थांचे दैवत. सवाई गंधर्व महोत्सवाची त्यांची वारी तरुणपणापासूनची. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे, काखेत सतरंजी व शाल घ्यायची आणि रमणबागेच्या मैदानाकडे चालू लागायचे. गुरू रामभाऊ कुंदगोळकर अर्थात सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू झालेल्या या महोत्सवाचा भार भीमसेनजींनी अर्धशतक वाहिला. व्यापाऱ्यास गाण्याइतकेच त्या निष्ठेचे अप्रूप वाटे. वयाच्या अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात गदगचे घर सोडणारा मुलगा, कुंदगोळास गुरुगृही पाणी भरून विद्या मिळविणारा शिष्य आणि कीर्तीच्या शिखरावर असतानाही ते ऋण दरवर्षी मांडवात उभे राहून मान्य करणारा कलावंत. देणे विसरू नये, ही वाडवडिलांची शिकवण त्यांना तेथे सुरांत भेटे.

त्या वर्षी भीमसेनजी ८५ वर्षांचे होते. १९९९ मध्ये मेंदूची आणि २००५ मध्ये मणक्याची शस्त्रक्रिया झालेली. जाहीर गायन जवळजवळ थांबलेले. ५५ व्या महोत्सवात ते गाणार, ही वार्ता ऐकून व्यापाऱ्यास आनंदापेक्षा धास्तीच अधिक वाटली. मुलगा म्हणाला, “बाबा, जुन्या ध्वनिमुद्रिका आहेत की घरी. तोच आवाज मनात राहू द्या.” सल्ला शहाणपणाचा होता; पण तो नेमका कोणाविषयी दिला गेला, हे बापलेकांना एकाच वेळी उमगले आणि दोघेही गप्प झाले.

ते गेले. एके काळी श्रोत्यांचा श्वास रोखून धरणारी ती तान आता नव्हती. दमसास तोकडा झाला होता, विराम लांबले होते. परंतु किराणा घराण्याचे सारे वैभव मुळात स्वराच्या सच्चेपणात. आणि षड्ज लागला तो जागच्या जागी. हजारोंचा मांडव निःशब्द झाला. मागे शिष्यांची साथ होती, आणि ती घेण्यात भीमसेनजींना कोठेही कमीपणा वाटलेला दिसला नाही. आपल्याच तारुण्याची नक्कल करण्याचा खटाटोप त्यांनी केला नाही. जितकी शिल्लक हाती होती, तितकाच खर्च मांडला. पण जो मांडला तो खणखणीत नाण्याने.

मांडवाबाहेर कोणी हळहळले, “आता गायला नको होते.” व्यापाऱ्याने वाद घातला नाही. आवाज थकला होता, हे खोटे नव्हते. मात्र घरी परतताना त्यांच्या मनात हिशेब वेगळाच चालू होता. तानेचा वेग वयाने नेला. स्वराची जाण नेता आली नाही. आपल्या बाबतीत वेग कोणता आणि स्वर कोणता? बेरजेची चपळाई गेली होती. पण कापडाचा पोत बोटांनी ओळखणे, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून उधारी फिटेल की बुडेल हे जाणणे, ते कोठे गेले होते? आपण वर्षभर धरून बसलो होतो, ती तान.

पुढच्या दिवाळीत पाडव्याच्या वहीपूजनानंतर त्यांनी गल्ल्याच्या किल्ल्या व रोजमेळ मुलापुढे सरकविला. “आजपासून बेरीज तू कर. तपासीन मी.” मुलगा खाली मान घालून हसला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, नोव्हेंबर २००८ मध्ये, भीमसेनजींना भारतरत्न जाहीर झाले, तेव्हा दुकानात पेढे मुलानेच वाटले.

२४ जानेवारी २०११ रोजी तो आवाज कायमचा थांबला. हे गृहस्थ मात्र पुढेही रोज दोन तास दुकानात येत राहिले. गादीवर नव्हे, शेजारच्या खुर्चीवर. नवा माल आला की मुलगा पहिला ठाण त्यांच्याच हाती देई.

ज्या घरांत हा प्रश्न अजून कोणी उच्चारलेला नाही, तेथे तो येत्या पाडव्यापूर्वी उच्चारला जावा. प्रारंभ वडिलांनी केल्यास मुलांचे काम सोपे होते.