चुलीची मोजदाद, ट्रकला मोकळीक

हवा प्रदूषणाची उत्सर्जन-यादी करायची तर आधी नकाशावर एक रेघ मारावी लागते. रेघेच्या आतला धूर या यादीतला, बाहेरचा दुसऱ्या कुणाच्या तरी. ही रेघ एकदा पडली की पुढचं सगळं गणित निमूट तिच्या मागून चालतं. आदिवासी गावांसाठी ती मारणारा हात मात्र दर वेळी नागपूर, पुणे नाहीतर दिल्लीतल्या वातानुकूलित खोलीत असतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता याला योगायोग म्हणायची लाज वाटते.

जानेवारी 2019मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला. नाव राष्ट्रीय, यादी शहरांची. वाढत वाढत ती 131 शहरांवर गेली, त्यांत महाराष्ट्राची 19. चंद्रपूर आहे, गडचिरोली नाही. एटापल्ली, भामरागडचं तर नावच घेऊ नका. सूक्ष्म धूलिकणांचं, पीएम 2.5चं, वार्षिक मानक 2009पासून घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम. ते खेड्यालाही तेच, शहरालाही तेच. म्हणजे फुप्फुसं सगळ्यांची सारखी हे कायद्याला मान्य आहे. मोजायची वेळ आली की मात्र महापालिका असलेली फुप्फुसं आधी.

अशा स्थितीत कुणी आदिवासी गावांची उत्सर्जन-यादी करायला निघालं तर टाळ्याच वाजवायला हव्यात. मी वाजवल्याही असत्या, पण तेवढ्यात नियोजनाच्या बैठकीत सर्वेक्षणाचा फॉर्म हातात पडला. घरात चुली किती? रोज लाकूड किती किलो? गोवऱ्या वापरता का? कचरा जाळता का? मोहाच्या झाडाखालचा पाला पेटवता का? पानभर चौकशी घराची. रस्त्यासाठी शेवटी एक ओळ: वाहतूक कमी, मध्यम की जास्त, योग्य तिथे खूण करा.

आता हा फॉर्म घेऊन एखादा पोरगा माडिया बोलणाऱ्या बाईपुढे उभा राहणार आणि मराठीत विचारणार, लाकूड किती किलो? तिचं माप मोळीचं. ती हसेल, हात पसरून मोळी दाखवेल. पोरगा अंदाजाने पाच लिहील. ते पाच संगणकात जाईल, गुणांकाने गुणलं जाईल आणि अहवालात दशांशानंतर दोन आकडे लावून बाहेर पडेल. त्यापुढे कुणाची हिंमत आहे प्रश्न विचारायची!

रस्त्याच्या धुळीचंही शास्त्र आहे बरं का, आणि ते चांगलं आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं एपी-42 नावाचं संकलन 1972पासून चालत आलंय. आपले तज्ज्ञही त्यातलीच सूत्रं उचलतात. डांबरी रस्त्याच्या सूत्राला दोन गोष्टी हव्या असतात: रस्त्यावर चौरस मीटरला किती ग्रॅम बारीक माती साचली आहे आणि तिथून जाणाऱ्या वाहनांचं सरासरी वजन किती. पहिलीसाठी रस्त्याचा एक पट्टा आखून तो झाडावा लागतो, गोळा झालेली माती चाळून 75 मायक्रॉनखालची तेवढी तोलावी लागते. दुसरीसाठी रात्रीसुद्धा नाक्यावर बसावं लागतं. एवढं कोण करतो? कुठल्यातरी शहराच्या अहवालातला आकडा घ्यायचा आणि एटापल्ली-आलापल्ली-आष्टी रस्त्याला चिकटवायचा. मोटरसायकली आणि लोहखनिजाचे ट्रक एकाच सरासरीत.

हे ट्रक ज्या सुरजागडच्या खाणीचे, तिची मंजूर क्षमता 2023मध्ये वर्षाला 30 लाख टनांवरून 1 कोटी टनांवर गेली. ही अख्खी क्षमता 30 टनांच्या ट्रकांनी रस्त्यावरून न्यायची म्हटली, तर जाऊन-येऊन दर पाऊण मिनिटाला एक ट्रक. रात्रंदिवस, वर्षभर. फॉर्ममधली खूण यातल्या कुठल्या चौकटीत करायची, सांगा. आता खनिज न्यायला पाइपलाइन झाली आहे, असं कुणी म्हणेल. झाली आहे, आणि म्हणूनच आधारवर्ष कोणतं धरता तिकडे डोळे लावून बसा. ते पाइपलाइननंतरचं धरलं की धुळीची मधली सगळी वर्षं घडलीच नाहीत. आधीचं धरलं की काही न करता ‘घट’ दिसणार, सत्कार होणार. ते वर्ष गावाला न विचारता ठरतं, तिथेच निकाल लागलेला असतो.

आणि उपग्रह? तो तर निःपक्षपाती ना? आगी टिपणाऱ्या उपग्रहांतल्या व्हीआयआयआरएस यंत्राचा एक ठिपका 375 मीटरचा. मार्चमध्ये मोहफुलं वेचायला पाला जाळला आणि आग पसरली की तो लाल ठिपका लावतो. ट्रकमागे उडालेल्या धुळीला ज्वाळा नसते, म्हणून तिला ठिपका नाही. नकाशा छापला की जंगलातली गावं गोवर आल्यासारखी लाल आणि खनिजाचा रस्ता धुतल्या तांदळासारखा.

चुलीचा धूर निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. तो बाईच्या डोळ्यांत आणि छातीतच जातो. उज्ज्वला योजना 2016ची. सिलिंडर पुन्हा भरायचे पैसे नसले की ती बाई परत चुलीपाशी. चूल मोजाच. माझी तक्रार पुढच्या पानाबद्दल आहे. यादीवरून कृती आराखडा होतो, आणि त्यात आदिवासींच्या वाट्याला जनजागृती येते, खाणीच्या वाट्याला मुदतवाढ.

अमेरिका काही आदिवासींची माउली नव्हे. नवाहो भूमीवरचं 2,250 मेगावॅटचं कोळसा वीजकेंद्र 2019पर्यंत धूर ओकत होतं. तरीही मोंटानातल्या नॉर्दर्न शायेन जमातीने 1977 साली आपल्या प्रदेशाची हवा सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या वर्गात घालून घेतली, आणि शेजारच्या कोलस्ट्रिप वीजकेंद्राला त्या हवेचा हिशेब द्यावा लागला. पुढे 1998च्या नियमाने हवेच्या बाबतीत जमातींना राज्यांसारखं वागवायची सोय झाली. यादी त्यांनी करायची, सीमा त्यांची.

आपल्याकडे 1996चा पेसा कायदा आहे. अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा द्यायचा तर ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. लोहखनिज गौण नाही. म्हणजे मुरमाच्या खड्ड्याला विचारायचं आणि डोंगर उचलताना विचारायचं नाही! क्षमतावाढीची जनसुनावणी 2022मध्ये झाली तीही खाणीच्या पायथ्याशी नव्हे. शंभराहून जास्त किलोमीटर दूर, गडचिरोलीत.

‘पण ग्रामसभांना हे तांत्रिक काम झेपेल का?’ हा प्रश्न बैठकीत चहाबरोबर येतोच. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे त्या ग्रामसभेने बांबू स्वतः तोडला, मोजला, विकला, हिशेब ठेवला. बांबू मोजणाऱ्यांना ट्रक मोजता येणार नाहीत? रस्ता झाडून माती चाळायला पीएचडी लागत नाही. चाळणी, तराजू आणि रोजची मजुरी लागते. ती मजुरी अंदाजपत्रकात घाला. सल्लागाराच्या विमानभाड्याच्या खाली नको, वर.

आणखी एक अट करारातच लिहा. सीमा, स्रोतांची यादी आणि आधारवर्ष या तीन गोष्टींवर गोंडी-माडियात चर्चा होऊन ग्रामसभेचा ठराव झाल्याशिवाय सल्लागाराला पहिला हप्ता नाही. आकडे गावात वाचून दाखवल्याशिवाय शेवटचा नाही. मग बघू, ‘तांत्रिक कारणास्तव’ इंग्रजीत अडकलेला अहवाल किती दिवसांत भामरागडला पोचतो ते.