पिण्याच्या पाण्याचा हिशेब कोण देणार?

उन्हाळा लागला कीं आमच्या महाराष्ट्रांत दोन गोष्टी ठरलेल्या असतात. मराठवाड्यांतल्या व खानदेशांतल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन रानोमाळ हिंडूं लागतात, आणि त्यांचीं छायाचित्रें छापून शहरांतलीं पत्रें हळहळूं लागतात. पाऊस पडला कीं हंडे घरीं जातात व हळहळही विरते. मग जुलै-ऑगस्टांत त्याच गांवांत जुलाब, कावीळ व विषमज्वर यांची सांथ उठते. तेव्हां मात्र छायाचित्र घ्यावयास कोणी येत नाहीं. आज आम्हांला बोलावयाचें आहे तें या दुसऱ्या गोष्टीविषयीं. पाणी किती मिळालें याची थोडीफार तरी मोजदाद होते. तें पिण्याजोगें होतें काय, हें गरिबाला कोणी सांगत नाहीं, आणि गरीबही विचारीत नाहीं.

पाण्याचा प्रश्न आमच्या चळवळीस नवा नव्हे. 1868 सालीं जोतीराव फुले यांनीं पुण्यांतील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. 4 ऑगस्ट 1923 रोजीं सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत मंजूर झाला व सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे झाले, म्हणजे कागदावर झाले. महाडच्या नगरपालिकेनें त्याला रुकार दिला, तोही कागदावरच. म्हणून 20 मार्च 1927 रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों माणसें घेऊन चवदार तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले. त्यावर भटजींनीं काय केलें? शेण, गोमूत्र, दूध, दहीं यांचें मिश्रण तळ्यांत ओतून तें 'शुद्ध' करून घेतलें! पाणी माणसाच्या स्पर्शानें विटाळत नाहीं, मैल्यानें विटाळतें, हें रॉबर्ट कॉख यानें कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यांत पटकीचे जंतु दाखवून 1884 सालींच सिद्ध केलें होतें; म्हणजे महाडच्या आधीं 43 वर्षें. शुद्ध कशाला म्हणावें आणि अशुद्ध कशाला, याचा निवाडा शास्त्रावर सोपवावयाचा कीं सोंवळ्यावर, हा वाद तेव्हांचा आहे. हायकोर्टाचा निकाल लागावयास 1937 साल उजाडलें.

पाण्याला हात लावण्याचा हक्क असा झगडून मिळाला. पण त्या हाताला लागणारें पाणी कसें असतें?

15 ऑगस्ट 2019 रोजीं जल जीवन मिशन जाहीर झालें. त्या वेळीं देशांतल्या खेड्यांतील सुमारें 19 कोटी घरांपैकीं अवघ्या 3 कोटी 23 लाख घरीं नळ होता. माणशीं रोज 55 लिटर, तेंही ठरल्या प्रतीचें, 2024 पर्यंत देऊं असा संकल्प होता. मुदत टळली, आणि 2025 च्या अंदाजपत्रकांत ती 2028 पर्यंत लांबविण्यांत आली. नळ पुष्कळ बसले, हें आम्ही नाकबूल करीत नाहीं. जिच्या मानेवरचा हंडा उतरला तिला जाऊन विचारा, तिला तें राज्य मिळाल्यासारखें आहे. परंतु नळींतून पाणी चोवीस तास वाहत असेल तरच तींत दाब राहतो व बाहेरची घाण आंत शिरत नाहीं. आमच्याकडे पाणी येतें दोन दिवसांआड, कोठें आठवड्यानें. पाणी थांबलें कीं नळी रिती होते, दाब जातो, आणि जेथें जोड सैल झाला असेल तेथें गटाराचें पाणी आंत ओढलें जातें. त्यांत वाटेंतल्या घरांनीं नळास मोटारी लावलेल्या. टाकी गांवठाणांत, आणि नळीचें शेवटचें टोंक दलित वस्तींत. त्या टोंकाला पाणी पोंचतें तें सर्वांत उशिरा, सर्वांत थोडें व सर्वांत घाण. वतनदारी गेली म्हणतात, पण नळींत ती अजून शाबूत आहे.

आणि हें केवळ खेड्याचें दुखणें नव्हे. 2025 च्या जानेवारींत खुद्द पुण्यांत, सिंहगड रस्त्याच्या बाजूस, नांदेडगांव-किरकटवाडी भागांत हातापायांतली शक्ति जाणारा जीबीएस हा रोग पसरला. रुग्णांच्या तपासणींत कॅम्पिलोबॅक्टर नांवाचा जंतु सांपडला व संशय पाण्याकडे गेला. हीं गांवें महापालिकेंत घेतलीं त्यास तेव्हां साडेतीन वर्षें झालीं होतीं. कर घ्यावयास गांव शहरांत, आणि पाणी द्यावयास शहराबाहेर!

याला औषध काय? औषध साधें आहे आणि स्वस्त आहे, म्हणूनच त्याकडे कोणाचें लक्ष नाहीं. ग्रामपंचायतींत जिला टीसीएल पावडर म्हणतात ती ताजी असतां तींत शेंकडा 33 च्या आसपास क्लोरीन असतो. चांगली पावडर असेल तर 1,000 लिटर पाण्यास साधारण अडीच ग्रॅम पुरते. ती बादलींत कालवावी, गाळ खालीं बसूं द्यावा, वरची निवळ टाकींत सोडावी, अर्धा तास थांबावें, आणि मग नळाशीं ओटी टेस्ट घ्यावी. काचेच्या नळींतलें पाणी पिवळें झालें म्हणजे क्लोरीन उरला आहे असें समजावें. लिटरमागें निदान 0.2 मिलिग्रॅम तरी उरला पाहिजे. शाळेंतल्या पोरालाही करतां येईल इतकें हें सोपें काम आहे.

गोम आहे ती उन्हांत. ही पावडर उष्णतेनें व ओलीनें मरते. तोंड उघडी गोणी ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या खोलींत एप्रिल काढते, मे काढते. बाहेर पारा 42-43 वर, पत्र्याखालीं किती असेल तें ज्यानें त्यानें समजावें. जूनच्या पहिल्या पुरांत विहिरीला गढूळ पाणी लागलें कीं तीच पावडर पाण्यांत पडते. नोंदवहींत लिहिलें जातें, 'टीसीएल टाकली'. टाकली खरी, पण तींतला क्लोरीन केव्हांच उडून गेलेला. पाण्यांत पडला तो चुना! शिवाय तापलेल्या पाण्यांत क्लोरीन लवकर संपतो. उन्हांत तापणाऱ्या काळ्या टाकींत सकाळीं घातलेलें औषध संध्याकाळपर्यंत उरेलच असा भरंवसा नाहीं. थंड देशांतलीं पुस्तकें वाचून येथें पाण्याची व्यवस्था लावणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. आपल्याकडे टाकीशीं केलेली परीक्षा निरुपयोगी. परीक्षा घ्यावयाची ती शेवटच्या नळाशीं व घरच्या माठांत.

टँकरची कथा याहून वाईट. 2019 च्या मेमध्यें महाराष्ट्रांत सहा हजारांवर टँकर धांवत होते. टँकर येतो तो कित्येक ठिकाणीं पाणी कोरड्या विहिरींत ओततो. तळचा गाळ ढवळून वर येतो, बाया पोहरे टाकून तेंच पाणी ओढतात, आणि पोहरा पायांखालच्या चिखलांतून पुन्हा विहिरींत जातो. स्वच्छ पाणी भरून निघालेला टँकर गांवीं येईपर्यंत स्वच्छ राहिला, तरी शेवटच्या वीस हातांत त्याची माती होते. विहिरींत ओतण्याऐवजीं झांकण व तोट्या असलेली टाकी ठेवावी, एवढी साधी गोष्ट. पण टाकीचा ठेका लहान असतो व टँकरचा मोठा.

घरांत काय करावें हेंही आमच्या भगिनींनीं ऐकावें. बांगलादेशांतील मतलब येथें जुन्या सुती साडीच्या चार ते आठ घड्या करून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला. त्याचा निकाल 2003 सालीं प्रसिद्ध झाला. पटकीचें प्रमाण जवळजवळ निम्म्यानें उतरलें, कारण पटकीचे जंतु पाण्यांतल्या बारीक जीवांना चिकटून असतात व ते जीव कापडांत अडकतात. आमच्या आज्या लुगड्यानें पाणी गाळीत त्या कांहीं मूर्ख नव्हत्या. पण गाळल्यानें काविळीचा विषाणु अडत नाहीं. म्हणून गाळून मग क्लोरीनचे थेंब घालावे. उकळणें उत्तम, परंतु ज्या घरीं सिलिंडर दोन महिने पुरवावा लागतो तेथें हा उपदेश करणाऱ्यानें आधीं सिलिंडर द्यावा. नितळ पाणी पारदर्शक बाटलींत भरून कडक उन्हांत सहा तास ठेवलें तरी पुष्कळ जंतु मरतात. ज्या उन्हानें आमची पावडर मारली त्या उन्हाकडून एवढी तरी भरपाई घ्यावी! माठांत पेला बुडवूं नये, लांब दांड्याचें ओगराळें ठेवावें.

मात्र जेथें फ्लोराइड आहे तेथें यांतलें कांहींएक चालत नाहीं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत कित्येक गांवीं हापशाचें पाणी दिसावयास स्फटिकासारखें, पण लिटरमागें दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलेलें. पोरांचे दांत डागाळतात, मोठ्यांचीं हाडें वांकडीं होतात. असें पाणी उकळलें तर फ्लोराइड जात नाहीं, उलट घट्ट होतें. बोअर जितकी खोल तितकें हें विष बहुधा अधिक. मग आरओचा कारखाना निघतो, जारवर पैसे घेतो, आणि एका जारमागें कित्येकदां जारभराहून जास्त पाणी गटारांत सोडतो. दुष्काळी गांवांत ही चैन कोणाच्या जिवावर चालते?

आतां थोडें कडू. शेटजी-भटजींच्या नांवानें बोटें मोडून हा प्रश्न सुटणार नाहीं. आज सरपंच आपला, कारखान्याचा चेअरमन आपला, आणि टँकरचा ठेकेदारही पुष्कळदां आपलाच. सार्वजनिक पाणवठ्यापासून 500 मीटरच्या आंत परवानगीवांचून विहीर घेऊं नये, असा कायदा 1993 सालीं झाला. तो मोडून गांवच्या विहिरीशेजारीं खोल बोअर मारणारा बहुधा ब्राह्मण नसतो. तो आपल्याच सभेंत पुढच्या खुर्चीवर बसलेला असतो. 2016 च्या मार्चमध्यें लातुरांत पाण्याच्या टाक्यांभोंवतीं 144 कलम लावावें लागलें, एप्रिलांत मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें; आणि ऊंस मात्र त्याच मराठवाड्यांत उभा होता. तिकडे शहापूर तालुक्यांत भातसा, तानसा, मोडकसागर हीं धरणें मुंबईची तहान भागवितात, आणि त्याच तालुक्यांतले आदिवासी पाडे उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात. धरणाकांठचा माणूस तान्हेला ठेवण्याची ही विद्या कोणत्या शास्त्रांतली?

आमचें आपल्या वाचकांस मागणें मोठें नाहीं. महाराष्ट्र दिनीं, 1 मे रोजीं, गांवोगांव ग्रामसभा भरते. तीस जावें. बायांना घेऊन जावें, कारण पाणी त्या भरतात. टीसीएलची गोणी केव्हां खरेदी केली, कोठें ठेविली, तें पहावयास मागावें. पाण्याच्या तपासणीवरून ग्रामपंचायतीस लाल, पिवळें, हिरवें कार्ड मिळतें. आपल्या गांवचें कोणतें, हें मोठ्यानें वाचून घ्यावें. प्रयोगशाळेचा शेवटचा अहवाल मागावा. मग जलसुरक्षकास बरोबर घेऊन सर्व सभेनें उठून वस्तींतल्या अगदीं शेवटच्या नळाशीं जावें व तेथें ओटी टेस्ट करावयास लावावी. पाणी पिवळें झालें नाहीं, तर नवी पावडर कोण, कधीं व कोणत्या पैशांतून आणणार याचा ठराव सह्यांनिशीं लिहून घेतल्यावांचून सभा उठूं देऊं नये.