जुनी गाडी घेताना मिस्त्रीने व्यापारी व्हावे

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार या कारागिराने भंगारातले सामान जोडून एक छोटी जीप बनवली. मोटारसायकलसारखी किक मारून ती सुरू होते. डिसेंबर २०२१ मध्ये ती देशभर गाजली. आनंद महिंद्र यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये दिलीही. तेव्हापासून आमच्या ओळखीच्या गॅरेजांत हा विषय अधूनमधून निघतोच. "आपणही एक बनवू या" म्हणणारे तरुण मिस्त्री भेटतात. त्यांच्या हातातील कसबाबद्दल आम्हाला शंका नाही. पण गाडी बांधण्याआधी जी जुनी गाडी विकत घ्यायची असते, तिथेच पैसे बुडतात असे आम्ही पाहत आलो आहोत. मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून खूश होतो आणि कागद वाचत नाही. व्यापारी कागद वाचतो आणि रंगाला भुलतो. या सौद्याला दोघांचीही अक्कल लागते.

विलायतेत हा छंद जुना आहे. १९५७ साली निघालेली लोटस सेव्हन ही गाडी सुट्या भागांत मिळत असे, कारण तयार गाडीवर पडणारा खरेदी कर सुट्या भागांवर पडत नसे. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन नावाच्या शिक्षकाने अवघ्या २५० पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी यावर पुस्तकच लिहिले. त्यातील सारी युक्ती एका जुन्या फोर्ड एस्कॉर्टवर उभी होती. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, स्टिअरिंग, ब्रेक सारे तिचेच. नवा फक्त लोखंडी पाइपांचा सांगाडा. अशा गाडीला इंग्रज 'डोनर' म्हणतात. आपल्या गॅरेजांत तिला 'पार्टसाठी घेतलेली गाडी' म्हणतात, तेवढे पुरेसे आहे.

आमचे पहिले मत असे की सुटा माल घेऊ नये, अख्खी गाडी घ्यावी, आणि ती चालू असावी. भंगार बाजारातले इंजिन स्वस्त वाटते. परंतु त्याचे माउंटिंग दुसरीकडे, क्लचची केबल तिसरीकडे, आणि प्रोपेलर शाफ्ट लांबीला बसत नाही म्हणून पुन्हा लेथवाल्याकडे खेप. चार महिन्यांनी हिशेब केला तर अख्ख्या गाडीपेक्षा जास्त पैसे गेलेले असतात, आणि इंजिन मुळात कसे चालत होते हे कोणालाच ठाऊक नसते. अख्खी गाडी रस्त्यावर चालवून पाहता येते.

गाडी कोणती? अनेकांची नजर मारुती ८०० वर जाते, कारण ती गल्लोगल्ली आहे. पण तिचे इंजिन पुढे आडवे बसते आणि पुढचीच चाके ओढते. जीपसारखी रचना हवी असेल तर ते सारे कामाला अडते. अशा गाडीची पुढची यंत्रणा उचलून सीटच्या मागे बसवता येते, मात्र ते नवशिक्याचे काम नव्हे. ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती. तिचे ७९६ सी.सी.चे तीन सिलिंडरचे इंजिन ८०० च्याच घराण्यातले, पण ते उभे बसते आणि मागची चाके फिरवते. गिअरबॉक्स, शाफ्ट, पाट्यांसकट मागचा ॲक्सल असा पूर्ण संच एकाच गाडीतून निघतो. आमची पसंती ओम्नीला. पद्मिनी आणि ॲम्बॅसेडर यांचीही ओढ मागच्याच चाकांना आहे, परंतु धडधाकट पद्मिनी आता शौकिनांच्या भावाने जाते. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. अशी गाडी कापायला आमचा तरी हात धजणार नाही.

पाहणीला सकाळी जावे आणि मालकाला आधीच सांगून ठेवावे की इंजिन गरम करून ठेवू नका. थंड इंजिन खोटे बोलत नाही. सुरू होताना निळा धूर आला तर ऑइल जळते आहे. पांढरा धूर थांबत नसेल आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर हेड गॅस्केट गेले समजा. कॉम्प्रेशन गेज न्यावा; आकडा किती यापेक्षा तिन्ही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का ते पाहावे. दुसरा गिअर टाकताना खरखर आणि वेग कमी करताना मागून घूं असा आवाज, ही दोन्ही खर्चाची लक्षणे. गाडी कार्बोरेटरची असेल तर वायरिंग सोपे. एम.पी.एफ.आय. असेल तर कॉम्प्युटर, सेन्सर आणि सगळी वायरिंग न कापता काढावी लागते, किल्लीत चिप असेल तर किल्लीसुद्धा.

रंग, सीट, दरवाजे यांना किंमत देऊ नये. सडलेला पत्रा हा तर आपल्या फायद्याचा मुद्दा आहे, तो पुढे करूनच भाव पाडावा. पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली की मालकाला फेरपासिंगचा आणि ग्रीन टॅक्सचा खर्च दिसू लागतो; तेव्हा सौदा नरम होतो. काचा, चाके, दरवाजे, सीट यांचे बाजारात काय येतील हे आधीच दोन ठिकाणी विचारून ठेवावे आणि ती रक्कम वजा करूनच आपला भाव मनात ठरवावा.

आता कागद. आमच्या परिचयाच्या एका मिस्त्रीने दलालाकडून एक ओम्नी घेतली. इंजिन घड्याळासारखे चालत होते. आर.सी. "दोन दिवसांत देतो" असे दलाल म्हणाला. दोन दिवसांचे दोन महिने झाले, तोवर गाडी सुटी झाली होती. मग फायनान्सवाल्यांची माणसे दारात आली: गाडीवर कर्ज बाकी होते. गाडी गेली, दिलेले पैसे गेले, आणि पोलीस ठाण्याच्या खेपांत धंद्याचे दिवस गेले. चोरीची निघाली नाही एवढेच नशीब. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि "मला ठाऊक नव्हते" हे गॅरेजवाल्याच्या तोंडून कोणाला पटत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी चॅसिस व इंजिन नंबर आर.सी.शी स्वतः ताडून पाहावेत. ठोकलेल्या आकड्यांभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा असतील तर तिथूनच परत फिरावे. फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही समोर घ्यावी, बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एन.ओ.सी. हातात पडल्यावरच व्यवहार करावा. "कापायचीच आहे, नावावर कशाला करायची?" असे म्हणणे विकणाऱ्यावरही अन्याय आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केले की गाडी कितीही हातांत गेली तरी नोंदवहीत ज्याचे नाव आहे, अपघाताची भरपाई त्याच्या माथी येते. आपल्या जुन्या गिऱ्हाइकाला अशा टांगणीवर ठेवून कसले गॅरेज चालवायचे?

गाडी मोडायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे आर.टी.ओ.ला कळवून आर.सी. जमा करावी लागते. शिवाय २०२१ च्या नियमांनी मोडीचे काम नोंदणीकृत केंद्रांकडे दिले आहे. तेव्हा कटर लावण्याआधी कचेरीत लेखी विचारणा करावी.

आणि एक कटू गोष्ट तरुणांना सांगितलीच पाहिजे. जुन्या गाडीचा नंबर नव्या सांगाड्यावर लावून रस्त्यावर जाता येणार नाही. कलम ५२ बनावटीत असे फेरफार करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. नव्या बनावटीच्या गाडीला पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थेची चाचणी लागते. तो खर्च कारखानदाराला झेपतो, गॅरेजला नाही. इंग्लंडात एकेका घरगुती गाडीची तपासणी करून तिला नंबर देण्याची सोय आहे. तशी सोय आपल्याकडेही फी घेऊन व्हावी, अशी मागणी गॅरेजवाल्यांच्या संघटनांनी जरूर करावी. तोवर अशी गाडी स्वतःच्या शेतात, प्रदर्शनात किंवा पोरांना काम शिकवण्यासाठीच.

वर सांगितलेल्या मिस्त्रीने यंदा पुन्हा एक ओम्नी घेतली. या वेळी नाव त्याचेच लागले आहे. गाडी गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली उभी आहे, आर.टी.ओ.च्या उत्तराची वाट पाहत. एक नटही त्याने अजून सोडवलेला नाही.