शीत काढायची घाई नको

एडमंटन, १५ नोव्हेंबर २०२४

प्रति,
व्यवस्थापन, एडमंटन ऑयलर्स



काल रात्री रॉजर्स प्लेसमध्ये मी आणि माझा मुलगा अगदी वरच्या रांगेत बसलो होतो. कॉनर मॅकडेव्हिडने नॅशव्हिलविरुद्ध गोल केला, तो त्याचा हजारावा गुण होता, आणि अख्खा संघ बाकावरून उड्या टाकून बर्फावर धावला. ६५९ सामन्यांत हजार गुण. याहून लवकर तिथे पोचलेले फक्त तिघे: ग्रेट्स्की, लेम्यू आणि बॉसी. सामनाही आपण ओव्हरटाइममध्ये ३-२ असा जिंकलो. पण परतीच्या गाडीत त्या गोलाची चर्चा दोन स्टेशनं चालली असेल नसेल. मग सगळे गोल आटलेल्या फॉरवर्ड झॅक हायमनवर घसरले. आमच्या मागचे एक काका तर गोलकीपर स्टुअर्ट स्किनरला आजच्या आज विकून टाकायला निघाले होते. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि तोही गोलकीपर आहे. तो काही बोलला नाही, खिडकीबाहेर बघत राहिला. हे पत्र तिथेच सुचलं.

मराठीत लिहिते आहे, कारण या खेळाचा विचार मी मराठीतच करते. इंग्रजी प्रत तुम्हाला वेगळी पाठवते आहे. मी मूळची पुण्याच्या खडकीची. आमच्याकडे हॉकी म्हणजे मैदानावरची, आणि हॉकीतला देव म्हणजे आमच्या खडकीचा धनराज पिल्ले. बर्फावरचा हा खेळ मला पहिल्यांदा कळला तो हरनारायण सिंग यांच्या पंजाबी समालोचनातून. स्लॅप शॉटला तिथे ‘चपेड शॉट’ म्हणत. तो शब्द कानावर पडला आणि एकदम सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. तेव्हापासून मी तुमची आहे. जूनमध्ये अंतिम फेरीत फ्लोरिडाविरुद्ध ०-३ अशा पिछाडीवरून तुम्ही ३-३ केलंत आणि सातवा सामना १-२ असा गमावलात, त्या रात्री आमच्या घरी कुणी जेवलं नाही.

आणि आता हंगामाचे वीस सामनेही झालेले नसताना निकाल लागायला सुरुवात झाली आहे. विनिपेगकडून ०-६, शिकागोकडून २-५, कॅलगरीकडून १-४ अशी सुरुवात झाली, हे खरंच. तीन सामन्यांत १५ गोल खाल्ले आणि तीन केले. त्या आठवड्यात मीही चिडले होते. पण आमच्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात ती भात शिजत आल्यावर. आत्ता कुठे पाण्याला उकळी फुटते आहे.

हायमनचंच घ्या. त्याचे यंदाचे गोल एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच आहेत. गेल्या हंगामात त्याने ५४ केले होते, म्हणून हा आकडा बोचतो. पण थोडा हिशेब करून पाहा. समजा एखादा चांगला खेळाडू सामन्याला तीन शॉट मारतो आणि त्याच्या दहा शॉटमागे एक आत जातो. दहा सामन्यांत ३० शॉट होतात, म्हणजे तीन गोल व्हायला हवेत. निव्वळ योगायोगाचा हिशेब केला तर अशा खेळाडूच्या वाट्याला दहा सामन्यांत एक गोल किंवा तोही नाही, असं पाचातून जवळजवळ एकदा येतंच. त्याचं मनगट ढिलं पडलेलं नसतं, नजर हललेली नसते. पक एकदा खांबाला लागतो, एकदा बचावपटूच्या पोटरीला लागतो, एकदा गोलकीपरच्या बगलेत अडकतो. तुमच्या लीगमध्ये ३२ संघांत मिळून साधारण ७०० खेळाडू आहेत. त्यांतले कितीतरी आत्ता याच फेऱ्यात असतील, आणि प्रत्येकाच्या गावात एक गाडी भरून लोक त्याला विकायला निघाले असतील.

म्हणून हायमनचे गोल मोजू नका, तो कुठे उभा आहे ते बघा. त्याचं सगळं कसब गोलच्या तोंडाशी, त्या निळ्या अर्धवर्तुळाच्या कडेला आहे. दोन बचावपटू पाठीवर काठ्या हाणत असतात आणि हा तिथून हलत नाही, सुटून आलेला पक ढकलायला टपून असतो. काल मी गोल सोडून त्यालाच बघत बसले होते. तो तिथेच होता, शिफ्टमागून शिफ्ट. ज्या दिवशी तो त्या जागेवरून बाजूला सरकायला लागेल, काठ्यांना भ्यायला लागेल, त्या दिवशी काळजी करा. तुमच्याकडे आल्यापासून त्याने एका हंगामात २७, पुढच्यात ३६ आणि मग ५४ गोल केले. तीन वर्षांची ही साक्ष बाजूला ठेवून पाच आठवड्यांची साक्ष कशी धरायची?

गोलकीपरचं दुखणं तर याहून मोठं आहे, आणि इथे मी आई म्हणून लिहिते आहे, हे आधीच सांगते. सप्टेंबरात या शहरातल्या रिंकांवर मुलांची निवड होते. पाठीवर नुसते क्रमांक लावलेली मुलं खाली, आणि वर थंडीत कुडकुडत पॅडवर टिपणं काढणारी मोठी माणसं. दोन वर्षांपूर्वीच्या निवडीत एका सत्रात माझ्या मुलाकडे मोजून सहा शॉट आले. त्यांतला एक कुणाच्या तरी स्केटला आपटून आत गेला आणि एक त्याच्याच बचावपटूच्या काठीवरून. सहात दोन. क्लबचं नाव सांगत नाही, पण त्या दोन गोलांवर त्याचं वर्ष ठरलं. घरी आल्यावर पायांचे ते मोठे पॅड काढायला मी त्याला मदत करत होते. पट्टे ओले होते आणि बोटं इतकी गारठली होती की बकल सुटेना. तो म्हणाला, “आई, मी नेमकं काय चुकलो ते कुणीतरी सांगायला हवं होतं ना?” मलाही सांगता आलं नाही. चुकलेलं काही नव्हतंच.

स्किनरचंही तेच, फक्त आकडे मोठे. गोलकीपरकडे सामन्याला ३० शॉट येतात असं धरा. पाच सामन्यांत १५०. त्यांतले १९ आत गेले तर टक्केवारी ०.८७३ होते आणि सगळं शहर ओरडतं. १४ गेले तर ०.९०७, आणि तोच माणूस भरवशाचा ठरतो. फरक सामन्याला एका पकचा. तो एक पक स्केटवरून उडाला का, मधे कुणी उभं राहून त्याची नजर अडवली होती का, बचावपटूने समोरच्याला आतल्या बाजूने वाट दिली का, हे टक्केवारीत दिसत नाही.

०.८७३ हा आकडा मी मुद्दाम घेतला. गेल्या नोव्हेंबरात जॅक कॅम्पबेलची पाच सामन्यांनंतरची टक्केवारी तीच होती, आणि तुम्ही त्याला खालच्या लीगमधल्या तुमच्या संघात, बेकर्सफील्डला पाठवलंत. त्याच्या बाबतीत मी तुम्हाला दोष देत नाही. त्याचा आधीचा अख्खा हंगामही खराब गेला होता, म्हणजे तुमचा निर्णय त्या पाच सामन्यांवर उभा नव्हता. पण त्याचं २.५ कोटी डॉलरचं कंत्राट यंदा मोडावं लागलं आणि त्याचा भार २०३० पर्यंत पगारमर्यादेवर राहणार आहे. त्याच नोव्हेंबरात स्किनरही असाच गोल खात होता. त्याला तुम्ही ठेवलंत. त्याने त्या हंगामात ३६ सामने जिंकले. व्हँकूव्हरविरुद्ध प्लेऑफमध्ये दोन सामने त्याला बसवून कॅल्विन पिकार्डला खेळवलंत, मग पुन्हा त्याच्याकडे आलात आणि तो तुम्हाला अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत घेऊन गेला. स्किनर याच शहरात जन्मला, इथल्याच रिंकांवर शिकला. माझ्या मुलाच्या खोलीत भिंतीवर मॅकडेव्हिड नाही, तो आहे.

गेल्या वर्षीची ३-९-१ ही सुरुवात आणि १२ नोव्हेंबरला प्रशिक्षक जे वुडक्रॉफ्ट यांची गच्छंती, हे कुणी अजून विसरलेलं नाही. त्यांच्यानंतर क्रिस नॉब्लॉक आले, पुढे संघ सलग १६ सामने जिंकला आणि १०४ गुणांवर थांबला. यातून लोकांनी धडा घेतला की लवकर हात चालवला की गाडी रुळावर येते. मला तो धडा पटत नाही. नॉब्लॉक यांचं श्रेय मी नाकारत नाही. पण वुडक्रॉफ्ट यांच्या शेवटच्या आठवड्यांतही शॉट आणि गोलसंधींच्या मोजणीत आपला संघ मागे नव्हता, पक आत जात नव्हता आणि आपला गोल मात्र उघडा पडत होता. ते तसंच फार दिवस चालणार नव्हतं.

तुमच्याच इतिहासातलं एक पान उलटते. २०१४ च्या हंगामात १८ वर्षांच्या लिऑन ड्रायसाइटलला तुम्ही थेट मोठ्या संघात घेतलंत. ३७ सामन्यांत त्याचे दोन गोल आणि सात असिस्ट झाले, म्हणून जानेवारीत त्याला ज्युनियरमध्ये परत पाठवलं आणि तो केलोनाकडून खेळला. तिथे तो मेमोरियल कपचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या ३७ सामन्यांवर कुणी त्याचा निकाल लावला असता तर आज आठ वर्षांसाठी वर्षाला १.४ कोटी डॉलर देऊन तुम्ही ज्याला राखलंत, तो दुसऱ्या कुठल्या शहरात गोल करत असता. परत पाठवणं मला चुकीचं वाटत नाही. शिकायला पाठवणं आणि टाकून देणं या दोन गोष्टी तुम्हाला तेव्हा वेगळ्या कळल्या होत्या.

फिलिप ब्रोबर्ग आणि डायलन हॉलोवे यांच्या बाबतीत मात्र ते जमलं नाही. दोघेही पहिल्या फेरीतले, अनुक्रमे आठवा आणि चौदावा. त्यांना कधी वर, कधी खाली, कधी बाकावर ठेवलंत. ऑगस्टमध्ये सेंट लुईसने प्रस्ताव टाकला आणि तुम्ही दोघांनाही जाऊ दिलंत. ब्रोबर्ग तिथे पहिल्या दिवसापासून चमकला. आता काका गाडीत त्याच्याबद्दलही हळहळतात.

सुरुवातीच्या सामन्यांतून काहीच कळत नाही, असं मात्र मी म्हणत नाही. पेनल्टी किल, म्हणजे एक खेळाडू कमी असतानाचा बचाव, बघा. वसंतात प्लेऑफमध्ये तुम्ही ९४.३ टक्के पेनल्ट्या निभावल्या होत्या आणि यंदा ऑक्टोबरात आपण लीगच्या अगदी तळाशी होतो. इथे मी नशिबाला दोष देणार नाही, कारण माणसंच बदलली आहेत. व्हिन्सेंट डेहार्ने व्हँकूव्हरला गेला, कोडी सीसी सॅन होजेला, वॉरन फोगेल लॉस एंजेलिसला, रायन मॅक्लाउड बफेलोला. शॉटच्या वाटेत अंग घालणाऱ्यांत, चौकोनात जागा धरणाऱ्यांत यांतले काही होते. आता पक वरून खाली गेला की मागच्या फळीत कोण कुणाला धरणार यावर दोघे एकमेकांकडे बघतात आणि तेवढ्यात दूरच्या खांबाशी समोरचा मोकळा होतो. चार सामन्यांत हे मला वरच्या रांगेतून दिसलं. जागा रिकामी आहे, ती भरावी लागणार. तिथे वाट पाहू नका. उजव्या बाजूला एक भक्कम बचावपटू हवा आणि तो आत्तापासून शोधा. एव्हान बुशार्डच्या चुकांवर लोक तुटून पडतात, पण गेल्या हंगामात ८२ गुण मिळवणाऱ्या बचावपटूला ती जागा भरायला लावणं म्हणजे त्याचंही नुकसान आणि आपलंही.

दुसऱ्या स्किनरबद्दल, यंदा आलेल्या फॉरवर्ड जेफबद्दल, एकच. हजाराहून जास्त सामने खेळलेला आणि प्लेऑफचा एकही सामना न पाहिलेला माणूस तुमच्याकडे आशेने आला आहे. त्याला मिनिटं कमी द्यायची तर द्या, पण का ते त्याला बसवून सांगा.

अमेरिकन थँक्सगिव्हिंगला प्लेऑफच्या जागेत असलेल्या संघांपैकी चारातले साधारण तीन पुढे प्लेऑफ खेळतात, हे मला माहीत आहे. ती तारीख दोन आठवड्यांवर आली आहे, म्हणून तुमच्या कार्यालयातले फोन वाजत असणार, हेही कळतं. माझं मागणं एवढंच आहे की त्या फोनांवर हायमन आणि स्टुअर्ट स्किनर यांची नावं नाताळपर्यंत येऊ देऊ नका. आणि कुणाला खाली पाठवायचं ठरलंच, तर नेमकं काय पाहिलं, कुठल्या जागी, कुठल्या शिफ्टमध्ये, हे त्याला सांगून पाठवा.

उद्या शनिवार आहे. सव्वासहाला आमचा सामना आहे, पावणेपाचला उठावं लागेल. बॅग दारात भरून ठेवली आहे आणि पट्टे हीटरवर वाळत घातले आहेत.



आपली,
पूर्वी खडकीची, आता एडमंटनची एक आई