डाळ न शिजणारं पाणी आणि विकतची माती

माझ्या अभ्यासाच्या टेबलाशेजारी दोन फुटांची काचेची टाकी आहे. गेल्या वर्षी तिच्यात सहा निऑन टेट्रा होते. एका रात्रीत सहाही मेले, आणि ते मीच मारले. तेही त्यांना वाचवायला गेले म्हणून. तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय. पाणवनस्पतींच्या टाकीसाठी माती निवडायची असेल, तर आधी आपल्या घरचं पाणी बघावं. आपण नेमकं उलटं करतो. आधी माती घेतो आणि मग पाण्याशी भांडत बसतो.

मीही तेच केलं. जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो यांच्या टाक्यांचे फोटो पाहून कुणालाही वेड लागेल. हिरवीगार कुरणं, काळीभोर माती, आणि मध्ये माशांचा थवा. मीही खाऊचे पैसे साठवून परदेशी 'अ‍ॅक्टिव्ह सॉइल'ची पिशवी आणली. मम्मीने पिशवी हातात घेऊन बघितली आणि विचारलं, "आणि पाणी कुठलं घालणार?" म्हटलं, बोअरचं. नळाला रोज पाणी कुठे येतंय! मम्मी म्हणाली, "त्या पाण्यात डाळ शिजत नाही की गं!" मी हसले. डाळीचा आणि माशांचा काय संबंध?

संबंध होता. शाळेत आपण 'दुष्फेन पाणी' शिकलो, म्हणजे ज्यात साबणाला फेस येत नाही ते. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळलेलं असतं, आणि आमच्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेटही भरपूर आहे. बंबात पांढरा थर धरतो तो त्याचाच. ही विकतची माती म्हणजे भाजून केलेले बारीक दाणे. शेतकरी ज्याला जमिनीचा कस म्हणतात, तसाच काहीसा गुण त्यांच्यात असतो. ते पाण्यातलं कॅल्शियम धरतात आणि बदल्यात आम्ल सोडतात. ते आम्ल बायकार्बोनेट खाऊन टाकतं. मग पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साडेसहाच्या आसपास उतरतो. बऱ्याच पाणवनस्पतींना आणि निऑनसारख्या माशांना हेच हवं असतं.

पण या मातीच्या दोन गोष्टी मला उशिरा कळल्या. एक म्हणजे नवी माती सुरुवातीचे काही आठवडे पाण्यात अमोनिया सोडते. मी पाचव्या दिवशीच मासे सोडले. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. अमोनिया किती विषारी ठरेल, हे सामूवर असतं. सामू साडेसहा असेल तर साधारण पाचशेत एक भाग विषारी रूपात असतो, बाकीचा बऱ्यापैकी निरुपद्रवी अमोनियम. सामू आठ झाला की वीसात एक भाग विषारी होतो.

मासे वर येऊन धापा टाकायला लागले. मी घाबरले आणि अर्धं पाणी काढून ताजं बोअरचं भरलं. अर्धा अमोनिया गेला खरा, पण सामू साडेसातवर चढला, आणि जो उरला त्याचा विषारी भाग जवळपास दहापट झाला. सकाळी सगळं संपलं होतं. हा हिशेब मला नंतर केमिस्ट्रीच्या मैत्रिणीने कागदावर मांडून दाखवला. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

मग ही माती वाईट का? मुळीच नाही. उरलेली पिशवी मी मडगावच्या मावशीकडे दिली. तिथल्या जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी सुफेन आणि जरासं आम्लधर्मी. माझ्या मावसभावाने महिनाभर थांबून मासे सोडले. आज त्याची टाकी बघायला शेजारची मुलं येतात. माती तीच होती, फक्त पाणी वेगळं आणि माणूस धीराचा. आमच्याकडे मात्र दर आठवड्याला दुष्फेन पाणी घालून त्या मातीचा कस काही महिन्यांतच संपला असता. मग पुन्हा नवी पिशवी!

काहीजण म्हणतील, आरओचं पाणी वापर की. वापरा, परवडत असेल तर. आम्ल पाण्यातल्या नाजूक कोळंब्या पाळायच्या तर ते करावंच लागतं. पण एक बादली शुद्ध पाण्यासाठी दुसरं बरंच पाणी गटारात सोडायचं, तेही नळाची वाट बघणाऱ्या गावात, हे माझ्या मनाला पटत नाही.

त्यापेक्षा स्वस्त वाट आहे. डायना वॉल्स्टॅड या अमेरिकन लेखिकेने १९९९ सालच्या पुस्तकात ती मांडली. खाली इंचभर साधी माती, वर इंचभर वाळू, आणि पहिल्या दिवसापासून भरपूर झाडं. बेळगावात तर मातीला तोटा नाही. पश्चिमेला खानापूरच्या बाजूची लाल माती लोहाने भरलेली. पूर्वेची काळी माती कसदार, पण तिच्यात चुनखडीचे खडे सापडतात आणि ते पाणी आणखी दुष्फेन करतात. मी खत न घातलेली लाल माती चाळून घेतली. वाळूवर व्हिनेगर टाकून बघितलं. फसफसली तर तिच्यात चुना आहे, ती नको. गोव्याहून आणलेले शिंपलेही त्याच कारणाने टाकीतून काढले. आता टाकीत व्हॅलिस्नेरिया आहे, ती बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेते. आणि गप्पी आहेत, त्यांना असंच पाणी मानवतं. मासे मात्र मी या वेळी पाच आठवडे थांबून सोडले.

साहित्याच्या वर्गात आपण 'मातीतला लेखक' असं सहज म्हणतो. पाण्याचं नाव कुणी घेत नाही. टाकी करायची असेल तर दुकानात जाण्याआधी पट्टी बुडवून आपलं पाणी तपासा. पट्टी नसेल तर स्वयंपाकघरात जाऊन विचारा, डाळ शिजते का म्हणून. मी तेव्हा हसले नसते, तर ते सहा मासे आज टाकीत असते.